आधी हात, मग यंत्र : मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञान आणि जुनी कौशल्यं यांची सांगड घालताना

मूल शाळेत जायला लागलं की घरात एक प्रश्न मुक्कामाला येतो. टॅबलेट द्यायचा का, आणि द्यायचा तर किती वेळ? सल्ले देणारे दोन टोकांना उभे असतात. एकजण सांगतो, आत्ताच दिलं नाही तर मूल मागे पडेल. दुसरा सांगतो, पडदा मुलाच्या दृष्टीसही पडता कामा नये. दोघांचंही बोलणं तासांभोवतीच फिरतं. माझ्या मते तासांचा हिशोब नंतरचा. आधी विचारायचं ते हे की यंत्राने कोणतं काम केलं आणि मुलाच्या वाट्याला कोणतं उरलं. एक मूल पडद्यासमोर अर्धा तास डोकं खाजवत कोडं सोडवतं, दुसरं तेवढाच वेळ तयार उत्तर वहीत उतरवून काढतं. घड्याळाला दोघं सारखीच दिसतात. शिकणं मात्र एकाच्याच पदरात पडतं.

जुनी कौशल्यं म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हाताने लिहिणं, तोंडी हिशोब, पाठांतर, पुस्तकाचं सलग वाचन, चित्र काढणं, मोजमाप, शिवण, सुतारकाम, मातीकाम आणि चारचौघांत नीट बोलणं आहे. पुढच्या पायऱ्या साधारण ३ ते १४ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहेत, विशेषतः ज्यांच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला आहे त्यांच्यासाठी. सगळ्या पायऱ्या एकदम सुरू करू नका. घरातली माणसंच आधी दमतात.

पायरी १ : आठवडाभर नुसतं पाहा

पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका. एक वही घ्या आणि मूल शिकण्यासाठी म्हणून जे जे करतं ते लिहून ठेवा. प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न टाका : हे काम यंत्राने केलं तर मुलाचं काय शिकायचं राहून जाईल?

उदाहरण घेऊ. शाळेने बेडकाच्या जीवनचक्रावर प्रकल्प करायला सांगितला आहे. त्यात माहिती शोधणं, ती वाचून समजून घेणं, त्यातलं महत्त्वाचं निवडणं, क्रम लावणं, चित्र काढणं, लिहिणं आणि मुखपृष्ठ सजवणं अशी निरनिराळी कामं आहेत. माहिती शोधायला यंत्र उत्तम. बेडकाचं पिल्लू शेपटीसकट पोहताना चलचित्रात पाहायला मिळालं तर छापील चित्रापेक्षा ते कितीतरी सरस. मुखपृष्ठ संगणकावर केल्यानेही फारसं बिघडत नाही. पण चित्र छापून चिकटवलं की निरीक्षण संपलं. पिल्लाचे मागचे पाय आधी फुटतात की पुढचे, हे चित्र काढणाऱ्या मुलाला पाहावंच लागतं, चिकटवणाऱ्याला नाही. (मागचे आधी दिसतात.) आणि निवडण्याचं, क्रम लावण्याचं काम यंत्राने केलं तर प्रकल्पाचा जीवच गेला.

ही वही भरली की तुमच्या लक्षात येईल की वाद टॅबलेटचा नसून काही ठरावीक कामांचा आहे. ज्या कामात शिकणं दडलेलं आहे ते मुलाने स्वतः करायचं आणि बाकीचं खुशाल यंत्राला द्यायचं, एवढं ठरवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पायरी २ : वयाप्रमाणे क्रम लावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १ वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, १ वर्षाच्या मुलालाही बसवून पडदा दाखवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं, असं त्यात म्हटलं आहे. या वयात मुलाची बोटं, डोळे आणि जीभ तयार होत असतात. वाळू, पाणी, माती, ठोकळे, फाटके कागद आणि भरपूर बोलणारी माणसं हेच या वयाचं साहित्य. शैक्षणिक ॲप नाही म्हणून ३ वर्षांच्या मुलाचं काहीही अडत नाही, हे इथे स्पष्टच सांगतो.

५ ते ८ या वयात अक्षरं, अंक आणि वाचन हातात आलं पाहिजे. यंत्र असावं, पण मोठ्या माणसाच्या शेजारी आणि ठरलेल्या कामापुरतं : एखाद्या प्राण्याचा आवाज ऐकायचा, एखादी जागा नकाशावर शोधायची, गोष्ट ऐकायची. ९ ते ११ या वयात टंकलेखन, शोध घेणं आणि सोपं प्रोग्रॅमिंग शिस्तीने शिकवायला घ्यावं. त्यानंतर मुलाने यंत्र साधन म्हणून स्वतंत्रपणे वापरायला लागावं, आणि कोणती गोष्ट स्वतः करायची हे हळूहळू स्वतःच ठरवावं.

ही वयं दगडावरची रेघ नाहीत. मुलं वेगवेगळ्या गतीने वाढतात. पण क्रम मात्र सहसा उलटा करू नये.

पायरी ३ : हस्ताक्षराला रोज वेळ द्या

सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणाऱ्या, साधारण ५ वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे शिकवली : काहींनी हाताने लिहिली, काहींनी गिरवली, काहींनी कळफलकावर दाबली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूची प्रतिमा घेतली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते हाताने लिहून शिकलेल्या अक्षरांच्या वेळी अधिक जागे झाले. कारण समजून घेण्यासारखं आहे. मुलाने स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी वेगळं येतं, कधी वाकडं, कधी फुगलेलं, कधी शेपूट लांबलेलं. इतक्या तऱ्हांमधून एकच अक्षर ओळखायची सवय मेंदूला लागते. कळ दाबल्यावर मात्र दर वेळी तेच नीटनेटकं अक्षर उमटतं.

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये तरुण विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. टंकलेखनापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला ताळमेळ कितीतरी व्यापक दिसला. एखाद्या अभ्यासावरून सगळं ठरवू नये, हेही खरं. लॅपटॉपवर टिपणं काढणाऱ्यांना आशय कमी समजतो असं सांगणारा २०१४ चा एक प्रयोग खूप गाजला, पण तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक इतका ठळक राहिला नाही. मोठ्यांच्या बाबतीत वाद आहे. अक्षरं नुकती शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र हाताने लिहिण्याच्या बाजूचं पारडं जड आहे.

करायचं काय? पेन्सिल धरण्याआधी बोटांना ताकद यावी लागते. मळणं, चिमटे लावणं, मणी ओवणं, कात्रीने कापणं ही त्याची तयारी. मग मोठी अक्षरं : वाळूत बोटाने, पाटीवर, फळ्यावर, हवेत अख्खा हात फिरवून. वही त्यानंतर. पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत सैलपणे धरलेली असावी. बोटाची पेरं पांढरी पडत असतील तर मूल जोर जास्त लावतंय. अक्षराचं वळण सुरुवातीलाच पाहा. अक्षर कुठून सुरू होतं, कुठे वळतं, शिरोरेषा कधी ओढायची, हे एकदा हातात बसलं की बदलणं कठीण जातं. रोज १० ते १५ मिनिटं पुरे. एकच ओळ पानभर लिहायला लावू नका. त्यातून कंटाळा पक्का होतो, अक्षर नाही. मुलाला खरं काम द्या : आजीला पत्र, सामानाची यादी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, दिवसाची चार वाक्यं.

साधारण चौथी-पाचवीत टंकलेखन शिकवा, आणि तेही दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांनी, कळफलकाकडे न पाहता. दोन बोटांची सवय जडली की ती आयुष्यभर सुटत नाही. मराठी टंकलेखनाबद्दल माझा आग्रह आहे की मुलाला इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कळफलकाची मांडणी शिकवावी. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आहेत. मांडणीला तर्क आहे, आणि वर्णमाला येणाऱ्या मुलाला ती लवकर जमते. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करताना त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक बऱ्याचदा समोर सुचवलेल्या शब्दांवर सोडून दिला जातो. ऱ्हस्व-दीर्घाचीही तीच गत. ज्याचं शुद्धलेखन पक्कं झालं आहे त्याने ही सोय जरूर वापरावी. जे अजून घडत आहे त्या मुलाच्या हातात ती लवकर देऊ नये.

पायरी ४ : पाढे, तोंडी हिशोब आणि पाठांतर

सगळं एका शोधात मिळतं, मग पाठ कशाला करायचं, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर साधं आहे. एका वेळी फार थोड्या गोष्टी आपण मनात धरून ठेवू शकतो. भागाकार करताना ७ आठे किती हेच शोधावं लागलं तर त्या गडबडीत भागाकाराची पायरी निसटते. पाढे पाठ असलेल्या मुलाचं लक्ष गणिताच्या विचारासाठी मोकळं राहतं. वाचनाचंही तसंच. ज्याला विषयातलं थोडं आधीच ठाऊक आहे त्यालाच शोधून मिळालेल्या पानावरचं खरं-खोटं कळतं.

आता यातला आनंदाचा भाग. पाठांतर म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते दोनदा वाचले. काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणून पुस्तक मिटून विचारा. आज जे वाचलं ते जेवताना सांगायला लावा. परवा पुन्हा विचारा, मग आठवड्याने.

इथे यंत्र खरोखर कामाला येतं. कोणता प्रश्न किती दिवसांनी पुन्हा विचारायचा याचा हिशोब ठेवणारी प्रश्नपत्त्यांची (फ्लॅशकार्डांची) ॲप असतात. तो हिशोब यंत्राला देण्यात मुलाचं काहीच बुडत नाही, कारण आठवण्याची मेहनत मुलाचीच राहते. प्रश्न मात्र मुलाने स्वतः तयार करावेत. चांगला प्रश्न काढायला धडा समजावा लागतो.

गणकयंत्रासाठी घरात एक शिस्त लावा : आधी अंदाज बोलायचा, मग बटण दाबायचं. ३९८ गुणिले २१ म्हणजे ८००० च्या थोडं वर, असं आधी म्हणायचं आणि मग पाहायचं. ८३५८ आलं तर ठीक. ८३,५८० आलं तर कुठेतरी चुकीचं बटण दाबलं गेलं आहे हे मुलालाच कळेल. ज्याला अंदाज येत नाही तो यंत्राची चूक पकडू शकत नाही. पुढे मोठमोठी आकडेमोड यंत्रच करणार आहे, तेव्हा ही एक सवय सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

पायरी ५ : लांब वाचन कागदावर

२००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचं बंधन असताना, पडद्यापेक्षा कागदावर वाचलेला चांगला समजतो असं त्यात दिसलं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. म्हणून धडा, लेख, संदर्भाचं पुस्तक कागदावर वाचायला द्या. हलकीफुलकी गोष्ट मुलाने पडद्यावर वाचली तर कुरकुर करू नका. रोज एक वेळ अशी ठेवा की घरातली सगळीच माणसं हातात पुस्तक घेऊन बसली आहेत.

पायरी ६ : एक हस्तकला निवडा आणि टिकवा

फिनलंडने १८६६ मध्ये हस्तकला हा शाळेत सक्तीचा विषय केला, आणि तिथली मुलं आजही लाकूडकाम आणि शिवणकाम शिकतात. त्याच देशाने २०१६ पासून अक्षरं एकमेकांना जोडून करायचं वळणदार (कर्सिव्ह) लेखन सक्तीचं न ठेवता टंकलेखनाला जागा दिली. म्हणजे नवं आणलं, पण सुई आणि करवत शाळेतून बाहेर काढली नाही. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे वेळ कमी पडला की पहिली गदा हस्तकलेवर येते.

हाताच्या कामात चूक लपत नाही. शिवण उसवते, खुर्चीचा पाय डुगडुगतो, मडक्याला तडा जातो. कुणी रागावत नाही, गुण कापत नाही. वस्तूच सांगते की काय चुकलं. पडद्यावर एक कळ दाबून मागे जाता येतं. लाकूड एकदा कापलं की कापलं. म्हणून मूल आधी मोजायला शिकतं, दोनदा मोजायला शिकतं, थांबून विचार करायला शिकतं. मिलिमीटर, काटकोन, अपूर्णांक या गोष्टी तिथे हाताला लागतात.

दर महिन्याला नवा छंद लावू नका. शिवण, विणकाम, सुतारकाम, मातीकाम, स्वयंपाक, बागकाम, वाद्य यांतलं एक निवडा आणि निदान वर्षभर धरून ठेवा. पहिले दोन-तीन महिने हाताला जमत नाही म्हणून मूल चिडेल. तो काळ ओलांडायला मोठ्या माणसाने शेजारी बसून स्वतःचं काहीतरी करत राहणं पुरतं. उपदेशाची गरज नसते. वस्तू खरी असावी आणि वापरात यावी : मुलाने शिवलेली पिशवी घरात वापरली गेली पाहिजे, भिंतीवर टांगली जायला नको. हत्यारंही खरी द्या, मुलाच्या हाताच्या मापाची. बोथट कात्री आणि खेळण्यातली हातोडी यांनी काम तर होत नाहीच, वर इजा होण्याची शक्यता वाढते.

घरात ती कला येणारं कोणी नसेल तर चलचित्र हा चांगला गुरू आहे, पण पाहण्याची रीत ठरवा. आधी पूर्ण पाहायचं. मग एक पायरी पाहून थांबवायचं, पडदा बंद करायचा, हाताने करायचं, अडलं तरच पुन्हा उघडायचं. सलग पाहत राहिलं की आपल्याला येतं असा भास होतो. कॅमेऱ्याचाही उपयोग करा. मुलाच्या हाताच्या हालचालींचं मंद गतीने चित्रण करून त्यालाच दाखवा. रंधा मारताना कोपर कुठे जातंय, तंतुवाद्यावर बोट कुठे अडखळतंय, हे त्याला स्वतःला दिसतं. अशी नजर पूर्वी फक्त फार अनुभवी शिक्षकाकडे असायची.

पायरी ७ : प्रोग्रॅमिंगची सुरुवात संगणकाशिवाय

मुलांसाठीची लोगो ही संगणकभाषा १९६७ मध्ये तयार झाली. तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सेमूर पॅपर्ट यांची कल्पना सुंदर होती : पडद्यावरच्या कासवाला चौकोन काढायला सांगायचा, तर आधी मुलाने स्वतः जमिनीवर चौकोन चालून पाहायचा. चार पावलं पुढे, उजवीकडे ९० अंश वळा, असं चार वेळा. शरीराला कळलेलं मग भाषेत मांडायचं. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातून संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे जे खेळ निघाले, त्यांचाही गाभा हाच. पत्ते, दोरी, खडू घेऊन मुलं क्रमवारी लावायला आणि द्विमान संख्या (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) मांडायला शिकतात.

घरी करून पाहा. मुलाने तुम्हाला बुटाची नाडी बांधायच्या सूचना द्यायच्या आणि तुम्ही अक्षरशः तेवढंच करायचं. दोन मिनिटांत मूल कळवळून सांगेल, असं नाही हो! मग त्याने सूचना कागदावर पुन्हा लिहायच्या. असे खेळ महिना-दोन महिने झाले की स्क्रॅच सुरू करा. ती २००७ मध्ये आलेली, रंगीत ठोकळे जोडून चालणारी मोफत भाषा आहे. पहिला प्रकल्प मुलाच्या हाताच्या कामाशी जोडा. त्याने काढलेलं चित्र, त्याने रचलेली गोष्ट, त्याच्याच आवाजात.

पायरी ८ : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळे नियम

बाकी साधनं मुलाला मदत करतात. गप्पा मारणारं हे साधन मुलाऐवजी सगळंच करू शकतं. म्हणून त्याला वेगळी पायरी.

तुर्कस्तानातल्या माध्यमिक शाळेत सुमारे १००० विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये तो शोधनियतकालिकात छापून आला. काहींना साधा चॅटबॉट दिला. सरावाच्या वेळी त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षाही ते १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट दिला होता. त्यांचं परीक्षेतलं नुकसान जवळजवळ टळलं. यंत्र तेच होतं. फरक पडला तो उत्तर मिळालं की इशारा मिळाला याने.

घरासाठी त्यातून निघणारे नियम असे. पहिला प्रयत्न कागदावर आणि यंत्राविना, चुकला तरी. मग विचारायचं ते असं : माझी कोणती पायरी चुकली, उत्तर सांगू नको. मिळालेल्या माहितीतली निदान एक गोष्ट पुस्तकातून पडताळायची, कारण हे साधन चुकीचंही आत्मविश्वासाने सांगतं. आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, कुणाच्याही मदतीशिवाय सोडवायचा. निबंध, पत्र, कविता यांचा पहिला खर्डा नेहमी मुलाचाच. लहान मुलांनी हे साधन एकट्याने वापरू नये, आणि प्रत्येक सेवेने घातलेली वयाची अट पालकांनी वाचावी आणि पाळावी.

पायरी ९ : घराची मांडणी बदला

नियमांपेक्षा जागा जास्त काम करते. यंत्राला घरात एक ठरलेली, सगळ्यांना दिसणारी जागा द्या, आणि रात्री चार्जिंगला तिथेच लावा, झोपायच्या खोलीत नको. रंग, कागद, कात्री, सुईदोरा, पुस्तकं मुलाच्या हाताला लागतील अशी उघडी ठेवा. टॅबलेट समोर आणि रंगपेटी कपाटात बंद असेल तर मूल काय उचलेल हे सांगायला नको. अभ्यासाच्या यंत्रावर खेळ आणि सूचनांचे आवाज नकोत. आणि जेवताना फोन नाही हा नियम असेल तर तो सगळ्यांना लागू. मुलं नियम ऐकत नाहीत, पाहतात.

डोळ्यांसाठी दोन गोष्टी. जवळचं काम करताना दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरवर, साधारण २० फुटांपलीकडे पाहायला लावा. दुसरी त्याहून महत्त्वाची : मुलाला उजेडात बाहेर पाठवा. चीनमधल्या ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी बाहेर ४० मिनिटं जास्त दिली गेली. ३ वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना जवळदृष्टी आली, म्हणजे लांबचं धूसर दिसू लागलं. नेहमीचं वेळापत्रक असलेल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं.

पायरी १० : जिथे यंत्र आधी हवं

वर सांगितलेला क्रम काही मुलांसाठी बदलावाच लागतो. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला मजकूर ऐकवणारं यंत्र मिळालं की त्याच्या बुद्धीच्या तोडीचं पुस्तक त्याच्यापर्यंत पोहोचतं. लेखन-अक्षमता असलेल्या मुलाला टंकलेखन किंवा बोलून लिहिणं लवकर द्यावं. हस्ताक्षराचा हट्ट धरून त्याचे विचार कागदावर येण्यापासून अडवणं हा अन्याय आहे. वाचनाचे आणि हाताच्या सरावाचे प्रयत्न सोबत चालू राहतीलच. दृष्टिहीन मुलांसाठी ऐकण्याची साधनं फार उपयोगी आहेत, पण त्यांच्यामुळे ब्रेल मागे पडू देऊ नका. नुसतं ऐकून शब्दाची घडण, विरामचिन्हं, शुद्धलेखन कळत नाही. ते बोटांनीच कळतं. मूल अडखळतंय असं दिसलं तर आळशी ठरवण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

पायरी ११ : शाळेशी बोला

भांडायला जाऊ नका, विचारायला जा. आठवड्यात किती लेखन हाताने होतं? पडद्यावरच्या तासाला मुलं नेमकं काय करतात? फोन वर्गात कुठे असतात? हस्तकलेचा तास खरंच होतो का?

बोलताना हाताशी असावं म्हणून : २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत, शाळेत शिकण्यासाठी दिवसाला १ तासापर्यंत डिजिटल साधनं वापरणाऱ्या १५ वर्षांच्या मुलांचे गणिताचे गुण ती अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरी १४ ने जास्त होते. त्याच चाचणीत सुमारे ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना यंत्रांमुळे त्यांचं लक्ष विचलित होतं. स्वीडनने तर २०२३ मध्ये शाळांत छापील पुस्तकं परत आणण्यासाठी सरकारी पैसा दिला. म्हणजे शाळेला विचारायचा प्रश्न यंत्र हवं की नको हा नसावा. कशासाठी आणि किती वेळ, हे विचारा.

पहिले तीन महिने कसे जातील

पहिल्या महिन्यात वहीतल्या नोंदी, घराची मांडणी आणि रोजचं लेखन एवढंच. दुसऱ्या महिन्यात पुस्तक मिटून विचारण्याची सवय आणि हस्तकला. तिसऱ्यात, वय असेल तर, टंकलेखन किंवा बिनसंगणकाचे प्रोग्रॅमिंगचे खेळ. आजारपण, परीक्षा, पाहुणे यांत घडी विस्कटेल. विस्कटली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करू नका. लेखनाची १० मिनिटं आणि झोपायच्या खोलीबाहेरचं चार्जिंग, या दोन गोष्टी आधी परत आणा. तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्याची वही काढून मुलासोबत बसा आणि प्रत्येक कामापुढे तोच प्रश्न पुन्हा विचारा. मूल ९-१० वर्षांचं असेल तर या वेळी उत्तरं त्याला लिहू द्या.